सारनाथचा स्तंभ आणि पटावरचे मौर्य

काशीच्या घाटांवरून निघालेला यात्रेकरू उत्तरेस सुमारे १० किलोमीटर गेला, म्हणजे सारनाथ येते. गल्ल्यांतील रेटारेटी आणि देवळांतील घंटानाद मागे राहतो. विटांचे जुने पाये, हिरवळ आणि एक प्रकारची निवांत शांतता सामोरी येते. येथेच, मुख्य मंदिराच्या अवशेषांच्या पश्चिमेस, अशोकाच्या स्तंभाचा बुंधा उभा आहे. वरचा भाग तुटून पडलेला. त्याचे काही तुकडे शेजारीच ठेवलेले. ज्या सिंहशीर्षाने हा स्तंभ जगाला ठाऊक झाला, ते १९०४–०५ साली एफ. ओ. अर्टेल यांनी केलेल्या उत्खननात सापडले आणि आता जवळच्या संग्रहालयात आहे. २६ जानेवारी १९५० रोजी त्याच शीर्षावरून भारताचे राष्ट्रचिन्ह घेतले गेले. मूळ स्तंभ मात्र पुन्हा उभा राहिला नाही, आणि राहणारही नाही.

आणि तरीही अशोकाचा स्तंभ आज जगात अनेक ठिकाणी रोज नव्याने उभा राहतो. जर्मनीतला एखादा विद्यार्थी, ब्राझीलमधला एखादा कारकून, पुण्यातला एखादा मुलगा आपल्या संगणकासमोर बसतो, मौर्यांचा पक्ष घेतो, दगड आणि धन खर्ची घालतो, आणि पडद्यावर अशोकाचा स्तंभ उभारला जातो. हा चमत्कार घडतो तो 'झीरो ए. डी.' नावाच्या खेळात. या खेळाविषयी दोन गोष्टी प्रथमच सांगितल्या पाहिजेत. तो कोणालाही विनामूल्य मिळतो, ही एक. आणि तो बव्हंशी अशा माणसांनी घडविला आहे, ज्यांना त्याबद्दल वेतन मिळालेले नाही, ही दुसरी. लष्कराच्या भाकऱ्या भाजणे ही आपल्याकडील म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. कारण या मंडळींनी स्वतःच्या घरची कामे सांभाळून जी उस्तवार केली, ती प्राचीन जगातील लष्करांचीच होय.

या खेळाचा जन्म २००१ सालचा. 'एज ऑफ एम्पायर्स' या लोकप्रिय खेळाच्या दुसऱ्या भागात काही फेरफार करून प्राचीन काळाचा नवा खेळ रचावा, अशी काही हौशी मंडळींची कल्पना होती. पुढे त्यांनी दुसऱ्याच्या घरात भिंती पाडण्यापेक्षा आपलेच घर बांधावे असे ठरविले आणि खेळाचे सारे यंत्र नव्याने लिहावयास घेतले. 'वाइल्डफायर गेम्स' हे त्या मंडळाचे नाव. २००९ साली त्यांनी आपली सर्व आज्ञावली आणि चित्रसामग्री मुक्त परवान्याखाली जगाच्या हवाली केली. ती कोणीही पहावी, बदलावी, वाटावी. अट एवढीच की पुढे वाटतानाही तिची मोकळीक कायम ठेवावी. २०१० साली पहिली प्राथमिक आवृत्ती निघाली. पुढील आवृत्त्यांना इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने प्राचीन जगातील नावे देण्यात आली. २०१२ मधील दहाव्या आवृत्तीस पोरसाच्या युद्धाची साक्षी असलेल्या 'झेलम' नदीचे नाव मिळाले. वर्णमाला एकदा संपून पुन्हा आरंभ झाला, तेव्हा २०२५ मध्ये सत्ताविसाव्या आवृत्तीने 'अग्नी' हे नाव घेतले. खेळाच्या नावातही एक गंमत आहे. पाश्चात्य कालगणनेत शून्य वर्षच नाही, इ.स.पू. १ नंतर एकदम इ.स. १ येते. जे वर्ष कधी उगवलेच नाही, त्या वर्षी प्राचीन जगातील बलाढ्य राष्ट्रे एकमेकांसमोर उभी ठाकली असती तर काय झाले असते, हा या खेळाचा खेळकर प्रश्न आहे.

खेळाचे स्वरूप समजण्यास आपल्या बुद्धिबळाचा आधार पुरेसा आहे. फरक एवढाच की येथे सैन्य आयते मांडून मिळत नाही. आरंभी हाताशी थोडी माणसे असतात. ती धान्य पिकवतात, लाकूड तोडतात, दगड फोडतात, धातू खणतात. त्यातून घरे, कोठारे, तट, मंदिरे उभी राहतात. मग पायदळ, घोडदळ, हत्ती. आणि शेवटी प्रतिपक्षाशी गाठ. बुद्धिबळात पांढरा आणि काळा हे दोन पक्ष रंगाखेरीज सर्वस्वी सारखे असतात. येथे पक्ष अनेक, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. रोमनांची शिस्त, इराण्यांची घोडदळे, कार्थेजचे भाडोत्री सैनिक, असा प्रत्येकाचा घाट निराळा.

मूळ योजनेत सहाच पक्ष होते: ग्रीक, रोमन, इराणी, कार्थेजवासी, केल्ट आणि आयबेरियन. त्यांत भारत नव्हता. पुढे ग्रीकांचे अथेन्स, स्पार्टा आणि मॅसिडोनिया असे तीन पक्ष झाले, केल्टांचे दोन झाले. आणि २०१२ च्या सुमारास मौर्य आले. नवा पक्ष आला, एवढे म्हणावयास दोन शब्द पुरतात. परंतु तो येतो कसा, हे पाहिले म्हणजे विनावेतन कार्यातील खरी अडचण कोठे असते ते कळते.

महाराष्ट्रातील श्रोत्यांना सावंतवाडीची गंजिफा ठाऊक असेल. मोगली गंजिफेत ८ रंग आणि ९६ पाने असत. दशावतारी गंजिफेत मत्स्यापासून कल्कीपर्यंत १० रंग झाले आणि पाने १२० झाली. ओडिशात १२ रंगांचे आणि १६ रंगांचेही संच रंगविले गेले. दोन रंग वाढवावयाचे म्हणजे चितारी २४ नवी पाने रंगवी: एक राजा, एक प्रधान, आणि एक्क्यापासून दहीपर्यंत दहा पाने, असे प्रत्येक रंगाचे बारा. राजाचा मुखवटा बदलला, चिन्ह बदलले, पण पानांची उतरंड जुन्याच वळणाची राहिली. काही रंगांत दही श्रेष्ठ, तर काहींत एक्का श्रेष्ठ, एवढाच काय तो फरक. म्हणजे गंजिफेत नवा रंग आणणे हे मुख्यतः चिताऱ्याचे काम होते.

पटावर मौर्य आणणे हे इतके सुटसुटीत नव्हे. प्रथम घर पाहिजे. आणि ते एक घर नव्हे. राहण्याचे घर, धान्याचे कोठार, शेत, बाजार, लोहारशाळा, सैनिकशाळा, हत्तीशाळा, नौकांचा धक्का, मंदिर, किल्ला, तट, तटाचे दरवाजे, बुरूज. प्रत्येक वास्तूची लांबी, रुंदी, उंची असलेली आकृती घडवावी लागते. तिच्यावर विटांचा, लाकडाचा वा चुन्याचा पोत चढवावा लागतो. त्यानंतर माणसे: धनुर्धर, भालाईत, खड्गधारी, स्वार, व्यापारी, स्त्रिया. त्यांची वस्त्रे, शिरोवेष्टने, ढाली. त्यांचे चालणे, धावणे, झाड तोडणे, जखमी होऊन पडणे. हत्तीने सोंड कशी हलवावी, हेही कोणीतरी बसून ठरवावे लागते. शिवाय प्रत्येकाचे नाव, किंमत, बळ, गती. आणि एवढे सारे झाल्यावर हा पक्ष इतरांच्या तोडीस तोड उतरला पाहिजे. सरसही नको आणि लेचापेचाही नको. जुन्या बारा पक्षांशी नव्या तेराव्याची गाठ पडणार, म्हणजे बारा नव्या लढती तपासून पहावयाच्या. पक्ष जितके अधिक, तितका पुढच्या पक्षाचा भार अधिक.

यांतील पहिली आणि सर्वांत अवघड अडचण पुराव्याची. रोमचा चित्रकार सुदैवी होय. पाँपेईच्या भिंती त्याच्यासाठी राखेखाली जपून ठेवलेल्या आहेत. अथेन्सच्या चित्रकारापुढे पार्थेनॉन उभे आहे. मौर्यांच्या चित्रकारापुढे काय आहे? पाटलीपुत्राविषयी मेगॅस्थिनीसच्या आधारे ग्रीक लेखकांनी लिहून ठेवले की त्या नगराभोवती लाकडी तट होता, त्याला ५७० बुरूज आणि ६४ दरवाजे होते. परंतु लाकूड गंगेच्या खोऱ्यातील पावसात दोन हजार वर्षे टिकत नाही. बुलंदीबागेत तटाचे काही लाकडी अवशेष मिळाले. कुम्रहार येथे ८० खांबांच्या सभागृहाच्या खुणा मिळाल्या. त्या सभागृहाचे छप्पर कसे होते, भिंती होत्या की नव्हत्या, हे जमीन सांगत नाही. खुद्द वाराणसीचे उदाहरण घ्यावे. गंगाकाठी राजघाटचे जुने टेकाड आहे. १९४० साली काशी रेल्वे स्थानकाच्या कामात तेथील प्राचीन वस्ती उजेडात आली, आणि पुढे १९५७ पासून हिंदू विश्वविद्यालयाने तेथे पद्धतशीर उत्खनन केले. मातीचा बांध, काळ्या चकचकीत खापरांचे तुकडे, भाजक्या मातीच्या कड्यांच्या विहिरी, मुद्रा अशा अनेक वस्तू मिळाल्या. नगर होते, हे निश्चित झाले. पण त्या नगरातील एका घराचा दर्शनी भाग जसाच्या तसा रेखाटावयास सांगितला, तर पुरातत्त्वज्ञही क्षणभर थांबेल.

मग चित्रकाराने काय करावे? कल्पनेचे घोडे सोडावे, की हात बांधून बसावे? तिसरा मार्ग आहे, आणि तो भारतातील दगडानेच दाखविला आहे. बिहारमध्ये बराबरच्या डोंगरात लोमश ऋषीची गुहा आहे. तिच्या दरवाजावर मौर्यकाळच्या कारागिराने लाकूड व गवताने शाकारलेल्या घराचा दर्शनी भाग जसाच्या तसा दगडात कोरला. लाकूड गेले, त्याची दगडी सावली राहिली. हीच परंपरा आपल्या सह्याद्रीतही दिसते. भाज्याच्या चैत्यगृहात दगडी खांब आतल्या बाजूस किंचित कललेले आहेत, कारण लाकडी मांडवाचे खांब छपराचा भार पेलण्यासाठी तसे कललेले असत. कार्ल्याच्या चैत्यात तर छताच्या लाकडी कमानी आजही जागेवर आहेत. जो चित्रकार हे दगड पाहतो, त्याला नष्ट झालेल्या लाकडी घरांचा पत्ता लागतो.

परंतु येथेही पाऊल जपून टाकावे लागते. या खेळात मौर्यांची आश्चर्यवास्तू म्हणून सांचीचा महास्तूप घेतलेला आहे. निवड योग्यच, स्तूपाचा मूळ विटांचा गाभा अशोककालीन मानला जातो. पण आज सांची म्हटले की डोळ्यांपुढे येतात ती चार तोरणे; आणि ती सातवाहनकाळातील, म्हणजे अशोकानंतर सुमारे दोनशे वर्षांनी उभारलेली आहेत. दगडी वेदिका आणि स्तूपाचे दगडी आच्छादनही शुंगकाळातले. तोरणांवाचून सांची काढली, तर खेळणारा ती ओळखणार नाही; तोरणांसह काढली, तर अशोकाच्या राज्यात त्याच्या पणतूच्याही मागून जन्मलेल्या शिल्पींचे काम उभे राहील. तीच गोष्ट सैनिकांच्या वेषाची. मौर्य सैनिकाचे समकालीन चित्र जवळजवळ नाहीच. भारहुत आणि सांचीच्या शिल्पपटांवरून तो नेसवावा लागतो, म्हणजे नातवाच्या छायाचित्रावरून आजोबांचा सदरा शिवण्यासारखे आहे. चित्रकाराचा प्रामाणिकपणा अशा वेळी एकाच गोष्टीत असतो: कोठे पुरावा संपला आणि कोठे अनुमान सुरू झाले, याची नोंद त्याने सहकाऱ्यांपुढे ठेवली पाहिजे, म्हणजे पुढे नवा पुरावा मिळाल्यावर नेमकी तीच वीट बदलता येते.

दुसरी अडचण तोलाची. सत्य जसेच्या तसे पटावर मांडले, तर खेळ बसतो. मौर्यांच्या सेनेत ६ लक्ष पायदळ, ३० हजार स्वार आणि ९ हजार हत्ती होते, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. हे आकडे जसेच्या तसे घेतले, तर मूठभर स्पार्टन कोठे उभे राहणार? चंद्रगुप्ताने सेल्युकसास दिलेल्या ५०० हत्तींनी इ.स.पू. ३०१ मध्ये पश्चिम आशियातील इप्ससच्या लढाईचे पारडे फिरविले, ही इतिहासातील घटना. तेव्हा हत्ती दुबळा करणे म्हणजे इतिहासाचा अपलाप, आणि सबळ करणे म्हणजे इतर पक्षांवर अन्याय. यातून मार्ग काढावा लागतो तो किमतीने आणि गतीने. हत्ती भारी, पण महाग. बलवान, पण मंद. तटाला भिडणारा, पण भालाइतांच्या घोळक्यात सापडला तर असहाय. मौर्यांच्या पक्षात आणखी एक सुरेख कल्पना आहे. त्यांच्याकडे युद्धाच्या हत्तीखेरीज कामाचाही हत्ती आहे. लाकूडतोडे जेथे जातील तेथे तो जातो आणि त्यांनी आणलेला माल आपल्याजवळ ठेवून घेतो. रानात लाकूड वाहणारा हत्ती ही भारतीयांच्या नित्य पाहण्यातली गोष्ट. ती नियमात बसली, आणि त्यामुळे हा पक्ष केवळ वेषाने नव्हे, वागणुकीनेही निराळा झाला. नवा पक्ष सार्थ ठरतो तो अशा वेळी. नाहीतर जुन्याच सैनिकास मुंडासे बांधले, एवढेच होते.

तोलाचाच एक अधिक गंभीर प्रश्न अशोकाच्या बाबतीत उभा राहतो. खेळात मौर्यांचे तीन वीर आहेत: चंद्रगुप्त, चाणक्य आणि अशोक. पहिल्या दोघांविषयी शंका येत नाही. पण अशोक? कलिंगाच्या युद्धात १ लक्ष माणसे मारली गेली आणि दीड लक्ष देशोधडीस लागली, याचा खेद ज्याने स्वतः शिलालेखांत कोरून ठेवला, त्या राजास युद्धाच्या पटावर कसे बसवावे? खेळकर्त्यांनी काढलेला तोडगा विचार करण्यासारखा आहे. अशोकाचे बळ त्यांनी शस्त्राकडे न झुकविता मंदिरांच्या उभारणीकडे झुकविले, आणि त्याचा स्तंभ हीच मौर्यांची खास वास्तू केली. हा स्तंभ बाण सोडीत नाही. समोर चढाई चालू असताना कोणी स्तंभ उभारण्यात दगड खर्च करावा काय, हा प्रश्न प्रत्येक खेळणाऱ्यास स्वतः सोडवावा लागतो. आणि तो सोडविताना अशोकाची अडचण त्याच्या थोडीफार ध्यानात येते.

पुरावा आणि तोल यांच्या अडचणी पगारी कारखान्यातही असतात. विनावेतन मंडळाच्या अडचणी त्यांहून वेगळ्या, आणि माणसांच्या आहेत. येथे कोणी कोणाला हुकूम देऊ शकत नाही. एखादा उत्साही तरुण मौर्यांचा अर्धा पक्ष रंगवितो. तोच त्याची परीक्षा येते, नोकरी लागते, लग्न ठरते, आणि तो मंडळातून दिसेनासा होतो. आपल्याकडे म्हणतात, हत्ती गेला आणि शेपूट राहिले. अशा मंडळांत नेमके हेच घडते. किल्ला होतो, सैनिक होतात, आणि एका धक्क्यावाचून नौका अडून राहतात. दुसऱ्याने येऊन ते शेपूट पुरे करावे, तर त्याचा हात निराळा. एकाचे रंग झगझगीत, दुसऱ्याचे मातकट; एकाची कौले मोठी, दुसऱ्याची नाजूक. एकाच गावातील दोन घरे दोन देशांतली वाटू लागतात. त्यातच खेळाचे यंत्र सुधारले, प्रकाश आणि सावली अधिक खरी झाली, की कालची चित्रे आज फिकी पडतात. चुनारच्या वालुकाश्मावरील मौर्यांची ती आरशासारखी झिलई घ्या. जुन्या यंत्राला असली चकाकी दाखविताच येत नसे; नवे यंत्र दाखवू शकते, पण तेवढ्यासाठी कोणीतरी स्तंभाचा पोत पुन्हा तयार केला पाहिजे. नवा पक्ष आणणे म्हणजे केवळ एका मुलाचा जन्म नव्हे. त्याचे कपडे दर वर्षी लहान होणार, हेही पत्करणे आहे.

आणखी एक नाजूक प्रसंग नेहमी येतो. दानाच्या गाईचे दात मोजू नयेत, असे आपण म्हणतो. येथे प्रत्येक चित्र दान म्हणूनच आलेले असते, आणि त्याचे दात मोजल्यावाचून चालत नाही. चित्र सुंदर आहे, पण ते ज्या छायाचित्रावरून केले त्या छायाचित्राचा हक्क कोणाचा? एखाद्या पुस्तकातून ते उचललेले असेल, तर मुक्त परवान्याखाली वाटता येणार नाही. मग ते कितीही सुरेख असले तरी परत करावे लागते. विटांच्या भिंतीचा पोत पाहिजे असेल, तर कोणीतरी स्वतः भिंतीसमोर उभे राहून छायाचित्र घ्यावे आणि ते मोकळेपणाने देऊन टाकावे, हा सरळ मार्ग. दान परत करताना दात्याचे मन मोडू नये, आणि मन राखताना कामाचा कस उतरू नये, ही तारेवरची कसरत प्रत्येक स्वयंसेवी मंडळास करावी लागते. गावच्या गणेशोत्सवात वर्गणी न घेता काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना हा अनुभव सांगावा लागणार नाही.

म्हणूनच अशा मंडळांनी एक शहाणपणाची रीत पाडून घेतली आहे. नवा पक्ष प्रथम मूळ खेळात न घेता बाहेरून जोडण्याची पुरवणी म्हणून ठेवतात. चीनच्या हान राजवटीचा पक्ष असाच 'राइज ऑफ द ईस्ट' या पुरवणीत वाढला. कित्येक वर्षे ती हौशी खेळाडूंच्या हाती घासली गेली, दुसऱ्या पुरवणीत मिळाली, आणि २०२२ साली सव्विसाव्या आवृत्तीत हान पक्षाला मूळ पटावर स्थान मिळाले. आफ्रिकेतील कुश राज्याचा पक्ष २०१८ मध्ये आला. उशीर झाला असे कोणी म्हणेल. परंतु ज्याला मालक नाही आणि मुदत नाही, त्या कामात उशीर हाच पुष्कळदा परीक्षकाचे काम करतो. हौस ओसरल्यावरही जे काम करणारे उरतात, त्यांच्या बळावर नवा पक्ष उभा राहतो.

येथे पुन्हा सारनाथच्या बुंध्याकडे वळावे. त्या स्तंभावर ब्राह्मी लिपीत अशोकाची एक आज्ञा कोरलेली आहे. ती कलिंगाविषयी नाही, राज्यविस्ताराविषयी नाही. ती संघभेदाविषयी आहे. संघ कोणीही फोडता कामा नये. जो भिक्षू अथवा जी भिक्षुणी संघ फोडील, तिला वा त्याला पांढरी वस्त्रे नेसवून विहाराबाहेर ठेवावे, असा तिचा आशय. या आज्ञेची प्रत उपासकांजवळही असावी आणि उपोसथाच्या दिवशी त्यांनी ती समजून घ्यावी, असेही त्यात सांगितले आहे. घरदार सोडून स्वेच्छेने एकत्र आलेल्या माणसांचा समुदाय बाहेरच्या शत्रूने क्वचित मोडतो. तो आतल्या मतभेदांनी दुभंगतो, हे त्या सम्राटाने ओळखले होते. राजाच्या हाती दंड होता, म्हणून त्याने दंड सांगितला.

खेळ घडविणाऱ्या मंडळाच्या हाती असला दंड नाही. उलट त्यांच्या परवान्यातच फुटण्याची मुभा लिहिलेली आहे. ज्याला मौर्यांचे हत्ती पटत नाहीत, त्याने सारी सामग्री घ्यावी आणि आपला निराळा खेळ मांडावा. कोणी हरकत घेणार नाही. अशा स्थितीत मंडळ टिकते ते एकाच आधारावर. प्रत्येक निर्णयामागील कारण उघड मांडलेले असले पाहिजे, आणि ते कारण न पटणाऱ्यालाही बोलण्याची जागा असली पाहिजे. स्तंभाची उंची अमुक का धरली, तोरणे का ठेवली, हत्तीची किंमत का वाढविली, हे ज्याला विचारता येते, तो रागावला तरी सहसा निघून जात नाही.

यात भारतातील, विशेषतः मराठी माणसांसाठी एक विचार आहे. मूळ योजनेत जसे मौर्य नव्हते, तसे उद्या कोणी सातवाहनांचा पक्ष मांडू म्हणेल, तर त्याला पुरावा कोण देणार? नाणेघाटातील लेखात राणीने केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दानांची यादी आहे. भाज्याच्या विहारात हत्तीवर आरूढ झालेली आणि रथातून जाणारी अशा दोन कोरीव आकृती आहेत. जुन्नर, नाशिक, तेर, पैठण येथे नाणी, मणी, मृण्मूर्ती मिळाल्या आहेत. ज्या माणसाच्या घरापासून ही स्थळे एका दिवसाच्या प्रवासावर आहेत, त्याने पायऱ्या, कमानी आणि खांबांची मापे घेऊन ती मोकळ्या मनाने दिली, तर दूरदेशीच्या अनोळखी चित्रकाराचा हात अनुमानाकडून पुराव्याकडे वळेल. न दिली, तरी चित्र निघेलच. मात्र ते अंदाजाने निघेल, आणि हजारो मुले तेच खरे समजून मोठी होतील.

सारनाथच्या सिंहशीर्षावर एके काळी ३२ आऱ्यांचे मोठे चक्र होते. त्याचे आज काही तुकडेच उरले आहेत. संग्रहालयातला प्रेक्षक सिंहांकडे पाहतो आणि क्वचितच त्या तुकड्यांपाशी थांबतो. परंतु ते चक्र पडद्यावर पुन्हा बसवावयाचे ठरले, तर कोणातरी स्वयंसेवकाला आधी त्या तुकड्यांपाशीच उभे राहावे लागेल. हातात कागद आणि पेन्सिल घेऊन तो एका आऱ्याची जाडी मोजील, उरलेल्या कमानीवरून पूर्ण वर्तुळ किती मोठे असेल त्याचे गणित करील, आणि ते आकडे नाव न पाहता, मोल न मागता, जगाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या सहकाऱ्याकडे धाडून देईल.